अंगाचं ऐकणारा कपडा

मास्तरांच्या तोंडात काही शब्द कायमच्या मुक्कामाला होते, आणि त्यांतला ‘बायकी’ हा सगळ्यांत जुना भाडेकरू. कोटाची कंबर जराशी आत गेली की कोट बायकी झाला. गिऱ्हाइकाने कॉलरची टोके गोल मागितली की तसली बायकी कॉलर या दुकानात मिळत नाही, पुढच्या गल्लीत जा. चहात साखर जास्त पडली तर चहा बायकी. दूर नोकरीला असलेला मुलगा फोन ठेवताना ‘जपा हं बाबा’ म्हणाला, तर तोही बायकीच बोलला. मास्तर शिव्या देत नसत. त्यांना गरजच पडत नसे, त्यांचे सगळे काम या एका शब्दावर भागायचे. गंमत अशी की या सगळ्यात बाईचा कुठेच संबंध नसायचा. बाई होती, पण ती पडद्याच्या मागे होती.

दुकान म्हणजे एकच लांबट खोली. मध्ये दोरीवर जाड पडदा. पुढच्या भागाला रस्त्याकडची खिडकी, माणूसभर उंचीचा आरसा, कापड बेतायचे मोठे टेबल. तिथे मास्तर पुरुषांचे कपडे शिवत. मागच्या भागाला खिडकी नव्हती. तिथे एका ट्यूबलाइटखाली त्यांची बायको बायकांचे कपडे शिवत असे. तिला सगळे काकू म्हणत. पंखा दोघांत मिळून एकच, बरोबर पडद्याच्या वर. त्याचे बटण मात्र मास्तरांच्या बाजूला.

मास्तरांनी आयुष्यात कधी माप लिहून घेतले नाही. ते टेप लावून मोठ्याने आकडा म्हणत, पडद्यामागून काकू तो परत म्हणत, आणि झाले. ‘खांदा सतरा’, की मागून ‘सतरा’. एकदा काकूंनी आकडा परत म्हटला की तो दगडावरची रेघ. रस्त्यात एखादा ओळखीचा दिसला की नाव आठवायच्या आधी काकूंना त्याची कंबर आठवे. काकूंची चूक कधी झाली नाही, आणि मास्तरांनी तसे कधी बोलून दाखवले नाही.

ज्या उस्तादाच्या हाताखाली मास्तर शिकले, तो म्हणायचा की पुरुषाच्या कपड्याने अंगाला सांगायचे असते, अंगाचे ऐकायचे नसते. खांदा पडका असला तर कोटाने तो उचलायचा. पोट सुटले असेल तर कोटाने म्हणायचे, मला नाही बुवा दिसले. जो कपडा अंगाचे ऐकतो, जिथे अंग वळेल तिथे वळतो, तो बायकी. म्हणून मास्तरांच्या शर्टाला टक्स नसायचे. टक्स म्हणजे कापडाला आतून घेतलेला चिमटा; तो शिवला की सपाट कापडाला फुगवटा येतो आणि छाती मावते. तो पडद्यामागचा माल. त्याने पडद्याच्या पुढे यायचे नाही.

तर अशा माणसाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांतपणे बोलत. त्या म्हणाल्या, घाबरायचे कारण नाही, हा आजार पुरुषाच्या हार्मोनवर पोसतो, आपण त्याचा शिधा बंद करू. दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन, रोज एक गोळी. दोन्हींपैकी काहीच चुकवायचे नाही, नाही तर आजार हाडांत शिरतो. मग त्यांनी त्रास काय काय होतील ते सांगितले. अंगातून एकदम वाफा निघतील, घाम येईल, उगाच रडू येईल, दमायला होईल, छाती भरेल. थोडक्यात शरीराचे थोडेफार स्त्रीकरण होते, असे म्हणून त्यांनी पेन खाली ठेवले.

मास्तरांनी हा शब्द पहिल्यांदाच ऐकला, पण कापड हातात घेतल्याबरोबर त्याचा पोत कळावा तसा तो त्यांना कळला.

"म्हणजे बायकी होणार मी," ते म्हणाले.

"तसं नका म्हणू, काका."

"मग कसं म्हणू?"

तेवढ्यात बाहेरून पुढच्या पेशंटचा नंबर पुकारला गेला. काकू शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी कागद गोळा केले, पिशवीत घातले आणि मास्तरांच्या दंडाला धरून त्यांना उठवले.

पहिली काही इंजेक्शने मास्तरांनी मुकाट्याने घेतली. आजार मागे हटला, रक्ततपासणीतला त्याचा आकडा खाली आला, डॉक्टरीणबाई खूश झाल्या. मास्तर मात्र खूश नव्हते. त्यांना दम लागायचा. सकाळी कात्री हातात घेतली की दुपारसारखे वाटायचे. दिवसातून कितीदा तरी पोटातून एक लाट उठे, छातीवरून मानेवर आणि मानेवरून डोक्यावर जाई, आणि ते बेतता बेतता टेबलाला धरून उभे राहत. एकदा रेडिओवर हरवलेल्या कुत्र्याची जाहिरात लागली तर त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी रेडिओच बंद करून टाकला, कुत्र्याचे पुढे काय झाले ते कळले नाही.

आणि छाती. आधी नुसती दुखायची, शर्टाचे कापड लागले तरी. मग भरू लागली. दुसऱ्या बटणाशी शर्ट ओढू लागला आणि तिथे आडव्या सुरकुत्या पडू लागल्या. दुसऱ्या कुणाला त्या दिसल्याही नसत्या. पण चाळीसेक वर्षे ज्याने सुरकुत्या मोडण्यात घालवली, त्याला त्या आरशात रोज सकाळी दिसायच्या, आणि त्यांचा अर्थही कळायचा.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे म्हणून मास्तरांनी एक जाकीट शिवले. वरून साधे, करडे. आत मात्र कोटाच्या छातीला घालतात तो केसाळ, कडक कॅनव्हास, तोही दुहेरी. अंगाला सांगणारा कपडा म्हणतात तो हा. घातला की छाती फळीसारखी सपाट. ऐन उन्हाळ्यात माणूस जाकीट घालून बसलेला पाहून गिऱ्हाइके विचारत, मास्तर, थंडी वाजते का? मास्तर म्हणत, दुकानदाराने नीटनेटके राहावे. काकूंनीही विचारले, तर त्यांना तेच उत्तर मिळाले. कॅनव्हासने कातडी सोलवटून निघायची. रात्री न्हाणीघराची कडी लावून ते खोबरेल चोळत आणि काकूंना ताकास तूर लागू देत नसत.

पुढच्या इंजेक्शनची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, दोघांनी दुकान बंद ठेवायला नको, मी जाऊन येतो. गेले, आणि अर्ध्या दिवसाने आले. काकूंनी विचारले, दुखले का? ते म्हणाले, सवय झालीय.

त्यानंतर महिना-दीड महिना गेला असेल. बँडमधला कर्णेवाला कोट शिवायला आला. त्याच्या मुलीचे लग्न होते आणि या खेपेला त्याला वाजवायचे नव्हते, नुसते बापासारखे उभे राहायचे होते, म्हणून त्याला बँडवाल्याचा दिसणार नाही असा कोट पाहिजे होता. गडी खुशीत होता. मास्तरांनी टेप लावला.

"खांदा साडेअठरा."

"साडेअठरा," पडद्यामागून आले.

"बाही पंचवीस."

"पंचवीस."

"छाती," मास्तर म्हणाले.

काकूंनी मशीन थांबवले. आकडा काही आला नाही. त्या हातात कापड धरून वाट पाहत राहिल्या. इतक्या वर्षांत छाती म्हटल्यावर आकडा आला नाही, असे कधी झाले नव्हते. मग टेबल सरकल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ माणूस पडल्याचा.

त्या पडदा सारून आल्या तेव्हा मास्तर जमिनीवर होते, घामाने भिजलेले, आणि कर्णेवाला त्यांचे डोके मांडीवर घेऊन हाका मारत होता. जाकिटाची बटणे काढा आधी, काकू म्हणाल्या आणि स्वतःच काढू लागल्या. जाकीट हाताला लागताच त्यांना कळले. कॅनव्हास बोटांनी ओळखायला त्यांना डोळे लागत नव्हते. त्यांनी शर्टही उघडला. सोलवटलेली, लाल झालेली, थोडीशी भरलेली छाती कर्णेवाल्याने पाहिली आणि त्याने मान खिडकीकडे वळवली. माणूस भला. पाणी आणून दिले, मास्तर शुद्धीवर येऊन उठून बसेपर्यंत थांबला, कोटाची काही घाई नाही म्हणाला आणि हलक्या पावलांनी गेला.

काकूंनी दुकानाचे दार लोटून घेतले. दवाखान्यात जाऊ, त्या म्हणाल्या, असे चक्कर येऊन पडणे बरे नाही, इंजेक्शनाने जास्त झाले असेल, डॉक्टरीणबाईंना सांगायला हवे.

"इंजेक्शनानं नाही," मास्तर म्हणाले. "मागचं मी घेतलंच नाही. गोळी तेवढी घेतो, तू हातात देतेस म्हणून."

"मग गेला होतात कुठं?"

"एसटी स्टँडवर. बाकावर बसलो होतो."

काकू गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या. भांडायला अंगात जोर लागतो, आणि तो त्यांच्याकडे उरला नव्हता. गेले वर्षभर त्या स्वतःचे काम करून मास्तरांची उरलेली काजे-बटणे करत होत्या, पथ्याचे रांधत होत्या, दवाखान्याच्या पायऱ्या चढत होत्या. त्या जाकिटाकडे पाहत राहिल्या. शिलाई सुरेख होती. आतल्या बाजूला कुणाला दिसणार नव्हती, तरी मास्तरांनी ती सुरेखच घातली होती.

"मरायला भीत नाही मी," मास्तर म्हणाले. "पण हे असं होऊन जगायचं म्हणजे..."

"कसं होऊन?"

मास्तर उघडा शर्ट छातीवर ओढून घेऊ लागले.

"बायकी," काकू म्हणाल्या. "म्हणा ना. इतकी वर्षं येता-जाता म्हणताय. आज काय झालं?"

मास्तरांनी भिजलेल्या शर्टाची कड मुठीत धरली.

"माझं अंग असंच पेटायचं, अहो. त्या पडद्यामागं. मला पन्नाशी लागली तेव्हा. चांगली तीन-चार वर्षं. आणि तुम्ही पंखा बंद करायचात, कागद उडतात म्हणून. मी ओला पंचा मानेवर टाकून शिवत बसायचे."

मास्तरांना ते कागद आठवले. बेतायचे नमुने, खाकी कागदाचे. पंख्याने टेबलावरून उडायचे आणि ते चिडायचे. पंचा त्यांना आठवेना, कारण तो त्यांनी पाहिलाच नव्हता.

"बोलली नाहीस कधी."

"बोलले असते तर काय म्हणाला असतात?"

याचे उत्तर दोघांनाही ठाऊक होते. बाहेर कुणीतरी दार वाजवले, दुकान बंद दिसले म्हणून निघून गेले.

"मी थकलेय हो," काकू म्हणाल्या. "तुम्हाला मरायचंच असेल तर मी काही तुम्हाला ओढत नेणार नाही. तेवढी ताकद नाही राहिली. पण त्या शब्दापायी मरू नका. तो मी आयुष्यभर ऐकलाय, आणि मी काही मेले नाही."

मास्तरांना रडू आले. ते गोळीचे होते की त्यांचे स्वतःचे, हे त्यांना सांगता आले नसते, आणि खरे तर आता त्याने काही फरकही पडत नव्हता. काकूंनी त्यांना रडू दिले. मग टेबलावरचा टेप उचलला आणि म्हणाल्या, उभे राहा.

उस्तादानंतर मास्तरांचे माप कुणी घेतले नव्हते. जुना शर्ट समोर ठेवून ते स्वतःचा नवा बेतत. आता ते आरशासमोर उघडे उभे राहिले, हात जरा लांब धरून, गिऱ्हाइके उभी राहतात तसे, आणि त्यांना कळले की हात नेमके कुठे ठेवायचे हे गिऱ्हाइकाला का समजत नाही. काकूंनी खांदा घेतला, बाही घेतली. छाती त्यांनी दोनदा घेतली, एकदा काखेखालून वर आणि एकदा भरलेल्या जागेवरून, बायकांची घेतात तशी. टेप कातडीला टेकू न देता. आकडे त्यांनी मोठ्याने म्हटले. मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते, पण सवयीने त्यांच्या तोंडून ते आकडे परत म्हटले गेले.

शर्ट काकूंनी पुढच्या टेबलावर बेतला. पडद्यामागचे बेतणे त्या टेबलावर प्रथमच होत होते. मास्तर खुर्चीत बसून सूचना करत होते. उभा धागा बघ, खडू फार दाबू नकोस, कॉलर मी लावतो, तुला नाही जमायची. कॉलर काकूंनीच लावली. कापड त्यांनी मऊ घेतले, जुन्या धुतलेल्या धोतरासारखे मऊ, आणि दोन्ही बाजूंनी काखेखालून छातीकडे एकेक लहान टक्स घेतला. वरून पाहणाऱ्याला तो शिवणीसारखा दिसला असता.

मास्तरांनी शर्ट घातला. बटणे लावली. दुसऱ्या बटणाशी पोचल्यावर त्यांचा हात थांबला. सुरकुती नव्हती. कापड जिथे अंग वळत होते तिथे वळले होते, आणि मग खाली सरळ, मोकळे उतरले होते. दुखत नव्हते. किती दिवसांनी अंगाला कापड लागूनही दुखत नव्हते. ते बाजूने वळून पाहू लागले. हात वर केला, खाली केला. दुसऱ्याचा शर्ट असता तर या वेळेपर्यंत त्यांनी निकाल दिला असता.

"बाहीला इस्त्री कमी पडलीय," ते म्हणाले.

"करते," काकू म्हणाल्या.

मास्तर चालत भिंतीपाशी गेले आणि पंख्याचे बटण दाबले. टेबलावरचे नमुने सरकले, एक-दोन उडून आरशाखाली पडले. मास्तरांनी ते उचलले नाहीत. "सोमवारी जाऊ या का दवाखान्यात," त्यांनी विचारले. काकूंनी मान डोलावली.

डॉक्टरीणबाई रागावल्या. रक्ताचा आकडा वर गेला होता. फार नाही, पण गेला होता. आता परत सुरू करू, पुन्हा खाली यावा, येईल, पण वचन देत नाही, असे त्या म्हणाल्या. मास्तरांनी ऐकून घेतले. मग इंजेक्शनच्या खोलीबाहेरच्या लांब बाकावर दोघे नंबराची वाट पाहत बसले.

या बाकावर मास्तर याआधीही बसले होते, पण तेव्हा मान खाली घालून, आपल्याच छातीकडे पाहत. आज शर्ट बोचत नव्हता, म्हणून की काय, त्यांची नजर इकडे-तिकडे फिरली. समोरचा ड्रायव्हरसारखा दिसणारा माणूस उकाड्यात जाड जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून बसला होता. त्याच्या पलीकडच्याने हातातली फाइल छातीशी धरली होती आणि ती तो खाली ठेवत नव्हता. एका वाकलेल्या म्हाताऱ्याने पाठीचे पोक मुद्दाम वाढवले होते. खरे पोक कसे बसते ते मास्तरांना माहीत होते. सगळे पुरुष, कुणीच कुणाशी बोलत नव्हते. मास्तरांनी एकेकाचा कपडा वाचला. एवढ्या लोकांनी आपापल्या घरी न्हाणीघराची कडी लावली असणार.

शेजारी एक निवृत्त पोस्टमन बसला होता. त्याचा शर्ट दोन मापे मोठा होता, खांदे दंडावर उतरले होते.

"तयार घेतलात ना शर्ट?" मास्तरांनी विचारले. "मोठा घेतला की लपतं, असं वाटतं. पण खांदा उतरला की नजर आधी तिथंच जाते."

पोस्टमनने चमकून पाहिले. आधी मास्तरांच्या तोंडाकडे, मग त्यांच्या शर्टाकडे. तो हळू आवाजात म्हणाला, "तुम्हालाही?"

"मलाही."

"दिसत नाही तुमचं."

"दिसतं. बघा नीट." मास्तरांनी हात बाजूला केला. "हिनं शिवलाय. टक्स घेतलाय इथं. दुकानात या, तुमचा बेतून देतो."

पोस्टमनने टक्सकडे पाहिले. तो काय आहे हे त्याला कळले असावे, त्याच्याही घरात बायको असणार. त्याने आवाज आणखी खाली आणला.

"बायकी नाही ना दिसायचा?"

काकूंनी पिशवीत काहीतरी शोधायला सुरुवात केली होती; त्यांचा हात तिथेच राहिला. पूर्वी असे कुणी विचारले असते तर मास्तर शपथेवर नाही म्हणाले असते.

"दिसेल थोडा," ते म्हणाले. "पण बोचणार नाही. हात वर करता येईल. नातवाला उचलून घेता येईल छातीशी."

पोस्टमनने चष्मा काढून पुसला, आणि उठून उभा राहिला, हात जरा लांब धरून.

मास्तरांच्या खिशात टेप असायचाच. त्यांनी तिथेच, त्या व्हरांड्यात, त्याच्या खांद्याला टेप लावला. समोरचा ड्रायव्हर पाहू लागला.

"खांदा सोळा," मास्तर म्हणाले.

"सोळा," काकू म्हणाल्या. मध्ये पडदा नव्हता, त्यामुळे त्यांना आवाज चढवावा लागला नाही.

"बाही तेवीस."

"तेवीस."

तेवढ्यात नर्सने दारातून मास्तरांचा नंबर पुकारला. मास्तरांनी टेप काकूंच्या हातात दिला.

"छाती तू घे," ते म्हणाले, "दोनदा घे." आणि शर्टाची बाही वर दुमडत आत गेले.